शंकेचं शिक्षण

सीएसआयआर-यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप दोन वर्षांची असते, त्यापुढची सीनिअर फेलोशिप तीन वर्षांची. म्हणजे पाच वर्षांत पैसा संपतो. मेंदूविज्ञानातली पीएचडी मात्र आपल्याकडे पाच वर्षांत क्वचितच उरकते. सहावं वर्ष लागतं, कधी सातवंही. तोवर बरोबरीची मुलं घराचे हप्ते फेडू लागलेली असतात आणि पीएचडी करणारी मुलगी अजून लॅबमध्येच असते. नातेवाईक विचारतात, अजून किती शिकणार? विद्यापीठ विचारतं, पेपर किती झाले? आईवडिलांना घोर, पुढे नोकरीचं काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ही वर्षं ज्यासाठी खर्ची पडायला हवीत, त्याबद्दल कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं असं की, मेंदूविज्ञानातल्या डॉक्टरेटचं खरं फलित म्हणजे स्वतःच्याच निष्कर्षावर नेमकी शंका घेता येणं. ही तयारी आपोआप होत नाही. तिला वेळ लागतो, निर्धास्तपणा लागतो, धीराचा गाइड लागतो. आणि ही पदवी आज आपण ज्या मापांनी मोजतो, ती मापं नेमकी या तयारीच्याच मुळावर उठतात.

मेंदूविज्ञानाकडे येणारी बहुतेक मुलं मोठा प्रश्न मनात घेऊन येतात. आठवण म्हणजे काय, भीती कुठून येते, ‘मी’ नावाची जाणीव कशी तयार होते. घरात कुणाला अल्झायमर झालेला असतो, कुणी नैराश्यातून गेलेलं असतं. प्रवेश परीक्षा होते, मुलाखत होते, कोर्सवर्क होतं, आणि मग हातात प्रश्न येतो तो असा : उंदराच्या मेंदूतल्या एका भागातल्या एका प्रकारच्या पेशीवरची एक विशिष्ट वाहिनी अमुक परिस्थितीत कमी उघडते की जास्त? पहिल्या वर्षाचा हिरमोड इथून सुरू होतो. ज्यासाठी आलो ते हे नव्हतंच, असं वाटू लागतं.

पण प्रश्न असा आक्रसतो याला विषयच कारण आहे. ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या अंगात फक्त ३०२ मज्जापेशी असतात. त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत, याचा नकाशा केंब्रिजच्या जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यामागे दशकाहून अधिक काळाची मेहनत होती. आज तो नकाशा सर्वांना खुला आहे, तरी त्यावरून त्या कृमीचं सगळं वागणं सांगता येत नाही. जोडणी कळली म्हणजे कोणत्या क्षणी कोणती जोडणी किती जोरात बोलते हे कळलं, असं होत नाही. फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा संपूर्ण नकाशा २०२४ मध्ये आला, तेव्हाही हेच झालं. आता माणसाचा मेंदू घ्या. त्यात सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी आहेत. इतक्या मोठ्या गोष्टीबद्दल खात्रीने एक वाक्य बोलायचं असेल, तर ते वाक्य सुरुवातीला लहानच असावं लागतं.

हे लहान वाक्य मिळवायला काय करावं लागतं, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. पॅच क्लॅम्प ही पेशीतले विजेचे संकेत मोजण्याची, एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ साली मांडलेली पद्धत आज जगभरच्या लॅबमध्ये रोज वापरली जाते. सकाळी उंदराच्या मेंदूचे सुमारे ३०० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या तीन-चारपट जाडीचे काप काढायचे. ते क्षार आणि साखरेच्या द्रावणात ठेवायचे, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सतत सोडायचे, आणि तासभर थांबायचं. मग काचेची नळी तापवून ओढून तिचं टोक सुमारे एक मायक्रॉनचं करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका जिवंत पेशीपर्यंत न्यायचं. नळीत हलका दाब असतो, त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर खळगी पडलेली दिसते. त्या क्षणी दाब सोडायचा आणि तोंडाने अगदी हलकेच हवा ओढायची. काच आणि पेशीचं आवरण एकमेकांना इतकं घट्ट चिकटावं लागतं की त्यांच्यामधून वीज जवळजवळ झिरपूच नये, तिथला रोध शंभर कोटी ओहमच्या वर जावा. चिकटलं तर ठीक. पुष्कळदा चिकटत नाही, किंवा चिकटतं आणि पाच मिनिटांत पेशी मरते. काप पाच-सहा तास टिकतो. संध्याकाळपर्यंत तीन पेशींची चांगली नोंद झाली तर दिवस चांगला गेला असं म्हणायचं.

हात बसायला काही महिने जातात. त्याहून अवघड भाग पुढे आहे. समजा दोन उंदरांमधल्या वीस पेशींची नोंद झाली. विद्यार्थी लिहितो, नमुने वीस. पण एकाच उंदरातल्या दहा पेशी या दहा स्वतंत्र साक्षी नव्हेत. त्यांचा जन्म एक, आहार एक, त्या सकाळचा ताण एक. प्रश्न जर औषध दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांमधल्या फरकाचा असेल, तर वीस पेशी मोजूनही साक्षीदार दोनच. ही चूक छापून आलेल्या पेपरांतही सापडते. गाइडने एका बैठकीत विचारलं की ‘उंदीर किती?’, तर चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागतं. पदवीतला खरा धडा तो असतो, आणि तो कुठल्याही मार्कशीटवर दिसत नाही.

लहान प्रश्नाला चिकटून राहिल्याने मोठं दार कसं उघडतं, याचं उदाहरण ओस्लोचं आहे. १९६६ साली पेर आंडर्सन यांच्या लॅबमध्ये तेर्ये लोमो हा पीएचडीचा विद्यार्थी बेशुद्ध केलेल्या सशांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणीशी निगडित भागात विजेचे संकेत मोजत होता. काही तंतूंना वेगाने, लागोपाठ उद्दीपन दिलं की पुढच्या पेशींचा प्रतिसाद वाढतो, आणि उद्दीपन थांबल्यावरही ती वाढ टिकून राहते, असं त्याला दिसलं. पुढे टिम ब्लिस तिथे आले, दोघांनी मिळून तपशिलात प्रयोग केले आणि सविस्तर निबंध १९७३ साली छापला. पेशींमधल्या जोडण्या वापराने बळकट होतात आणि तशाच राहतात, ही गोष्ट त्यात पहिल्यांदा नीट मांडली गेली. आज शिकणं आणि आठवण यांच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात तिचं प्रकरण असतं.

पहिलं दर्शन आणि सविस्तर निबंध यांच्यात सात वर्षांचं अंतर आहे. आणि निबंधाच्या शेवटी लेखकांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय की, प्रयोगात एकदम उठवलेल्या संकेतांमुळे दिसलेला हा गुणधर्म प्राणी रोजच्या जगण्यात वापरतो की नाही, हा निराळा प्रश्न आहे. ‘आम्हाला आठवणीचं रहस्य सापडलं’ असं लिहिण्याचा मोह किती मोठा असेल! त्यांनी तो टाळला, म्हणूनच त्यांच्या वाक्यावर पुढच्या पिढ्यांना उभं राहता आलं.

आपल्या जवळचं उदाहरण कुलाब्याचं. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज युगांडातल्या माकेरेरे विद्यापीठात आणि मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकल्या. तिथून त्या पीएचडीसाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांच्याकडे आल्या. सिद्दिकींचं नाव झालं होतं सूक्ष्मजीवांच्या जनुकशास्त्रात. ते विषय बदलून फळमाशीच्या मज्जासंस्थेकडे वळले होते. गुरू-शिष्या दोघंही नव्या वाटेवर होते. वास आणि चव ओळखण्यात गडबड असलेल्या माश्या त्यांनी वेचून काढल्या. इंग्रजी वाय आकाराच्या नळीच्या एका फाट्यात वास सोडायचा आणि माशी कुठे वळते ते पाहायचं, एवढ्या साध्या साधनावर बरंच काम झालं. काही माश्यांना ठरावीक प्रकारचे वास येत नव्हते, बाकीचे येत होते. म्हणजे निरनिराळ्या वासांच्या वाटा जनुकांच्या पातळीवरच वेगळ्या असणार. १९७८ साली या दोघांचा निबंध आला. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना वास ओळखणाऱ्या रेणूंची जनुकं सापडली ती त्यानंतर तेरा वर्षांनी, १९९१ साली.

या उदाहरणातून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, यंत्रं महाग असली की विज्ञान चांगलं होतं हा समज अपुरा आहे. प्रश्न असा बेतावा लागतो की ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं काहीतरी सांगून जातील. दुसरी, जो गाइड स्वतः नवं शिकतोय त्याच्या लॅबमध्ये ‘मला कळलं नाही’ असं म्हणायला विद्यार्थ्याला भीती वाटत नाही. आपल्या विद्यापीठांत सगळ्यात मोठी टंचाई या निर्भयपणाची आहे.

शंका घेणं आवश्यक का, याचे पुरावे या विषयाने स्वतःच दिले आहेत. माणसाच्या मेंदूत दहा हजार कोटी मज्जापेशी असतात, असं अनेक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. हा गोल आकडा आला कुठून, याचा माग धड लागत नव्हता. ब्राझीलमध्ये सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि सहकाऱ्यांनी चार मेंदू द्रवात विरघळवून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली आणि २००९ मध्ये ८६०० कोटींचा आकडा दिला. त्याच वर्षी अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’, आणि रूढ पण सैल सांख्यिकी पद्धत वापरली. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. हजारो ठिकाणी एकाच वेळी चाचणी केली की काही ठिकाणी निव्वळ योगायोगाने संकेत उमटतातच. त्याची दुरुस्ती केल्यावर सगळे ठिपके नाहीसे झाले. २०१३ मध्ये कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची मध्यक सांख्यिकी ताकद ८ ते ३१ टक्क्यांच्या दरम्यान आहे. याचा अर्थ, परिणाम खरोखर असला तरी असा अभ्यास तो बहुतेक वेळा हुकवेल, आणि सापडलाच तर फुगवून दाखवेल. अल्झायमरवरचा २००६ सालचा एक गाजलेला, हजारो वेळा उद्धृत झालेला पेपर चित्रांमधल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. त्या अठरा वर्षांत त्यावर विसंबून किती विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधाची दिशा ठरवली असेल!

हे असं का होतं? माणसं लबाड असतात म्हणून फारच क्वचित. बहुतेक वेळा पेपर हवा असतो, वेळ संपत आलेला असतो आणि शंका महाग पडते. सहाव्या वर्षी फेलोशिप थांबलेली विद्यार्थिनी आणखी सहा उंदरांवर प्रयोग पुन्हा करून बघणार कशी? तो निकाल टिकला नाही तर तिचं एक वर्ष वाया गेलं असं सगळे म्हणणार. खरं तर त्या वर्षात तिने जगाला एका चुकीच्या विधानापासून वाचवलेलं असतं. पण त्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली. हे चांगलं झालं. त्या सक्तीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं दुकान चालवलं होतं. पण सक्ती गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. पोस्टडॉक मिळवताना, नोकरीच्या मुलाखतीत मोजणी पुन्हा पेपरांचीच होते. पीएचडीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत. आणि फेलोशिपचे पैसे पाच वर्षांचे. हा मधला खड्डा विद्यार्थ्याने कशाने भरायचा, याचं उत्तर कुणी देत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. करदात्याच्या पैशातून तरुणांना सहा-सात वर्षं असं वाढवायचं, आणि शेवटी प्राध्यापकाच्या जागा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग कशासाठी? उत्तर असं की, डॉक्टरेटचा उपयोग प्राध्यापकीपुरता धरला तर हा आक्षेप बरोबरच आहे. पण आपल्या शहरांत आजूबाजूला पाहा. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग महाराष्ट्रात गावोगाव चालले. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं असं दाखवून पालकांकडून हजारो रुपये घेतले गेले. मेंदूचा तो भाग डोळ्यांच्या हालचाली आणि शरीराच्या काही मूलभूत क्रिया सांभाळतो. तो ‘जागा’ करून कातड्यातून किंवा कापडातून दिसू लागत नाही. मूल नाकाजवळच्या फटीतून वाचतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या वर्गांविरुद्ध मोहीम उघडली. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्या आजही शाळांच्या सभागृहांत विकल्या जातात. स्मरणशक्तीच्या गोळ्या, डाव्या-उजव्या मेंदूचे क्लास, सगळ्यांच्या जाहिरातीत ‘न्यूरो’ हा शब्द असतो.

अशा वेळी समाजाला हवा असतो तो माणूस, जो उभा राहून शांतपणे चार प्रश्न विचारू शकेल. तुलना कुणाशी केली? किती मुलांवर? बघणाऱ्याला आधीच माहीत होतं का? उलट निकाल आला असता तर तुम्ही तो छापला असता का? हे प्रश्न ज्याच्या अंगात भिनले आहेत तो औषध कंपनीत असो, रुग्णालयातल्या क्लिनिकल ट्रायलवर असो, शाळेत असो की वृत्तपत्रात, त्याची पीएचडी समाजाला परत मिळालेली असते. म्हणून या वाटांची माहिती विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी, मान खाली न घालता, द्यायला हवी. सातव्या वर्षी नाइलाज म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट आपण फार दिवस झाकून ठेवली : विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य. बेल्जियममधल्या २०१७ च्या अभ्यासात साधारण निम्म्या पीएचडी विद्यार्थ्यांनी मानसिक त्रासाची लक्षणं सांगितली आणि तिघांपैकी एकाला मानसिक आजाराचा धोका दिसला. आपल्याकडे यावर हमखास उत्तर येतं की संशोधन ही तपश्चर्या आहे, सोसायलाच हवं. मेंदूविज्ञानाच्या विभागात तरी हे उत्तर शोभत नाही. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि भीतीशी निगडित अमिग्डलामधल्या फांद्या उलट वाढतात, हे बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये (एनसीबीएस) सुमंत्र चटर्जी यांच्या लॅबने २००२ मध्ये दाखवलं. शिकणाऱ्या भागाला कात्री आणि घाबरणाऱ्या भागाला खत, हा ताणाचा व्यवहार आपल्याच देशातल्या लॅबने जगापुढे मांडला. तेच ज्ञान शिकवणारे विभाग विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं अनिश्चिततेत ठेवतात, हे पटण्यासारखं नाही. आणि घाबरलेला विद्यार्थी शंका घेत नाही. तो गाइडला हवा असलेला निकाल आणून देतो.

म्हणून मागण्या अगदी व्यवहारातल्या आहेत. फेलोशिप जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांवरून ३७ हजार आणि सीनिअरची ३५ वरून ४२ हजार झाली, तीही विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावं लागल्यानंतर. ही रक्कम महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात यायला हवी, कारण घरभाडं थांबत नाही. यूजीसीने दिलेली कमाल मुदत आणि फेलोशिपची मुदत एकच करावी. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काम करून मग गाइड निवडण्याची पद्धत काही संस्थांत आहे, ती विद्यापीठांतही यावी, आणि गाइडशी न पटल्यास लॅब बदलण्याचा मार्ग कागदावर स्पष्ट असावा. वार्षिक समितीने ‘किती पेपर?’ ऐवजी ‘या वर्षी तुमचं कोणतं गृहीतक तुम्हीच मोडून पाहिलंत?’ असं विचारावं. न टिकलेल्या निकालांचं एक प्रकरण प्रबंधात मानाने असावं, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याची दोन वर्षं वाचतील. घरच्यांनीही ‘कधी संपणार’ एवढंच न विचारता ‘सध्या काय जुळत नाहीये’ असं कधीतरी विचारून पाहावं. जो प्रश्न घरात विचारता येतो, तो लॅबमध्येही मोकळेपणाने मांडता येतो.

आणि व्हायव्हाच्या दिवशी परीक्षकांनी एक प्रश्न सक्तीने विचारावा : तुमच्या प्रबंधातलं कोणतं विधान दहा वर्षांनी चुकीचं ठरण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे, आणि का? ज्या विद्यार्थिनीला याचं उत्तर न अडखळता देता येईल, कोणता प्रयोग केला तर ते विधान पडेल हेही सांगता येईल, ती मेंदूविज्ञानाची डॉक्टर झाली असं खुशाल समजावं. तिच्या नावावर पेपर एक असो वा पाच. आणि जिला हे सांगता येत नाही, तिच्याकडे पाच पेपर असले तरी तिचं शिक्षण अपुरं राहिलं आहे, आणि त्याची जबाबदारी तिच्याइतकीच तिला घाईने मोजणाऱ्या विद्यापीठाची आहे.